पिंजरे गेले, फुलराणी राहिली

नातवंडांना कुठे न्यायचं, तर मी आधी पेशवे पार्क म्हणते. 1956 साली सुरू झालेल्या फुलराणीत आमची मुलंही बसली. तेव्हा शेजारी प्राण्यांचे पिंजरे होते. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आहे, म्हणजे जिवाला कोंडणं. मग सुटीची करमणूक म्हणून मुलांना पिंजऱ्यासमोर का उभं करायचं? 2005 सालापर्यंत प्राणी कात्रजच्या मोठ्या आवारात गेले, बरंच झालं. पण कुंपण आहेच. जखमी, अनाथ प्राण्यांना तिथे आसरा मिळतो, ती मात्र जीवदयाच. वाघाचा हट्ट झाला की मी नातवंडांना हे सगळं सांगते. ती वाद घालतात, घालू देत. सारसबागेजवळची भेळ खायची तर सूर्यास्ताआधी, आमचा चौविहार असतो.