लांब पाठीचा सांभाळ

रात्री साडेनऊच्या सुमारास दुकान बंद करून गृहस्थ घरी परततात. जिन्यात पावलांची चाहूल लागताच दिवाणावर झोपलेला डॅशहाउंड उठतो, तेथूनच गुळगुळीत फरशीवर उडी घेतो, घसरतो, सावरतो आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून धन्याच्या गुडघ्यांना बिलगतो. घरातील सर्वांना हा क्षण प्रिय असतो. अशाच एखाद्या रात्रीनंतरच्या सकाळी मात्र तो उठत नाही; मागचे पाय ओढत पुढे सरकू पाहतो. “कालपर्यंत तर धडधाकट होता,” असे घरचे म्हणतात. वस्तुतः तसा तो नसतो. त्याच्या मणक्यांमधील गाद्या झिजण्यास फार पूर्वीच, वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच, सुरुवात झालेली असते. उडी केवळ निमित्त ठरते.

या कुत्र्याची घडण मुळात जर्मनीतील. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी आणि ‘हुंट’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरता यावे म्हणून आखूड पायांचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडण्यात आले. ते काम आज कोणत्याही घरात त्याच्याकडून अपेक्षित नाही, पण त्या कामासाठी घडविलेले शरीर त्याच्यापाशी राहिलेच. पाय आखूड करणाऱ्या आनुवंशिक बदलानेच पाठीचेही नुकसान केले. 2017 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कुत्र्यांच्या 12व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत दाखवून दिली. तिच्यामुळे पाय आखूड होतात आणि मणक्यांमधील गाद्या अकाली वृद्ध होतात. गादीचा मऊ गाभा कोरडा पडतो, त्यात कॅल्शियम साचते आणि एखाद्या दिवशी तो वर सरकून मज्जारज्जूवर दाब देतो. डॅशहाउंडमध्ये हे विशेष आढळते. पेकिनीज, बीगल, बॅसेट हाउंड, कॉर्गी यांच्याही बाबतीत घडते. म्हणजे दोष केवळ पाठीच्या लांबीचा नाही, गादीच्या गुणाचा आहे. डेन्मार्क आणि इतर काही युरोपीय देशांत या जातीची वीण करण्यापूर्वी पाठीचे एक्स-रे काढून कॅल्शियम साचलेल्या गाद्या मोजल्या जातात. मालाची पारख करण्यात हयात घालविलेली आपल्याकडील घरे पिल्लू घेताना मात्र रंग पाहतात. त्याच्या आईवडिलांच्या पाठीची चौकशी क्वचितच होते.

पाठ नाजूक आहे हे एकदा कळले की घरातून दुसरी चूक सुरू होते. कुत्र्याला उचलून फिरविले जाते, फिरणे बंद होते आणि गादीवर बसवून त्याला लाडाने खाऊ घातले जाते. ब्रिटनमध्ये 2015 साली दोन हजारांच्या आसपास डॅशहाउंडांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा करण्यात आली. दिवसाकाठी एक तासाहून अधिक व्यायाम करणाऱ्या कुत्र्यांत हा आजार कमी आढळला, अधिक नव्हे. अर्थात आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागतो. ज्याची पाठ आधीच दुखते तो कमी चालणार, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून पूर्णपणे ठरत नाही. तथापि बसवून ठेवल्याने पाठ वाचते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही एवढे निश्चित. पाठ धरून ठेवणारे स्नायू चालण्यानेच बळकट राहतात.

वजनाचा हिशेब त्याहून सरळ आहे. ज्याचे वजन 8 किलो असावे तो कुत्रा 10 किलोचा झाला तर भार 25 टक्क्यांनी वाढला. 60 किलोच्या माणसाने आणखी 15 किलोंचे पोते अंगावर बांधून दिवसभर वावरावे तसा. अशा कुत्र्याला दिवसाला साधारण 500 कॅलरी पुरतात, आणि तूप लावलेली एक पोळी सव्वाशेच्या आसपास जाते. आजीने दिलेली अर्धी, नातवाने ताटाखालून सरकविलेली अर्धी, म्हणजे दिवसाच्या आहाराचा चौथा हिस्सा कोणाच्याही नोंदीविना खर्ची पडला. अन्न शाकाहारी असो वा तयार दाणेदार, ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि मापानेच द्यावे, वाटीही एकच असावी. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, वरून पाहिल्यास कंबर दिसावी. दुकानात मोठा काटा असेल तर दर महिन्याला त्याला त्यावर उभे करावे. नसेल तर त्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे.

चालणे नियमित असावे. निरोगी प्रौढ कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, सपाट किंवा मातीच्या रस्त्याने, पहिली पाच मिनिटे संथ चालीने. आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडीवर तीन तास, हा व्यायाम नव्हे. न सरावलेल्या स्नायूंवर तो अचानक टाकलेला ताण आहे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून पाहावी. पाच-सात सेकंद सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही, शिवाय त्याचे पोट जमिनीपासून जेमतेम काही बोटे वर असते. गळपट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरावा, कारण मानेतील गाद्याही याच आजाराच्या असतात. चेंडू हवेत फेकला की तो उडी मारून अंग पिळतो. तोच चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडावा. पाहुण्यांपुढे दोन पायांवर नाचविण्याची हौस सोडून द्यावी. त्याऐवजी घासाच्या आमिषाने सावकाश बसविणे आणि सावकाश उठविणे, चार-पाच वेळा, एवढ्यानेही मागच्या पायांना चांगले काम मिळते.

घरात खरा शत्रू म्हणजे चकचकीत फरशी. त्याच्या नेहमीच्या वाटेवर खाली रबर असलेल्या पट्ट्या अंथराव्यात. साधी सतरंजी त्याच्यासह घसरते. नखे आणि पंजांच्या तळव्यांमधील केस वेळेवर कापावेत. दिवाणाला सुताराकडून एक रुंद, खरबरीत, कमी चढाचा फळा करून घ्यावा. तो वापरण्यास कुत्रा आठवड्याभरात शिकतो, घरातील माणसांना अधिक वेळ लागतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली आणि पाठ जमिनीला समांतर. पुढच्या पायांना धरून उचलू नये, हे मुलांना प्रत्यक्ष करून दाखवावे.

इतके करूनही आजार येऊ शकतो. म्हणून त्याची पहिली चाहूल ओळखता आली पाहिजे: पाठीला कमान, अंगाला थरथर, उचलताच केकाटणे, दिवाणापाशी येऊन नुसते उभे राहणे, चालताना मागचा पंजा उलटा पडणे. बहुतेक वेळा हे वयाच्या तिसऱ्या ते सातव्या वर्षांत दिसते. अशा वेळी आतापर्यंतचा नियम उलटतो. चालविणे ताबडतोब थांबवावे. तेलाने मालिश करू नये. माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये, त्यातील काही कुत्र्यांना घातक असतात. त्याला फळीवर किंवा खोक्यात निजवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. पाय ओढले जात असतील किंवा लघवी अडली असेल तर सकाळची वाट पाहू नये. वैद्यक पंजाचे बोट चिमट्याने दाबून पाहतात, ते खोलवरची वेदना कळते का हे तपासण्यासाठी. ती जाणीव शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाल्यास बहुसंख्य कुत्रे पुन्हा चालू लागतात. ती गेल्यावर ही आशा निम्म्यावर येते. एमआरआय व शस्त्रक्रिया यांची सोय प्रत्येक गावी नसते. ती जवळात जवळ कोठे आहे, हे कुत्रा ठणठणीत असतानाच विचारून ठेवावे.

दुखणे सौम्य असेल तर शस्त्रक्रिया लागत नाही, पण निदान चार आठवडे पिंजऱ्यातील सक्त विश्रांती लागते. कसोटी येथे असते. औषधाने सातव्या-आठव्या दिवशी दुखणे थांबते, तो शेपटी हलवून पिंजऱ्याच्या दाराला नाक लावतो आणि घरातील सर्वांत मायाळू व्यक्ती “एकदाच सोडू या” म्हणते. आतली गादी तोवर भरून आलेली नसते. या काळात त्याला केवळ शौचासाठी, पट्टा धरून, काही पावलेच न्यायचे. महिनाभराने वैद्यकांनी परवानगी दिली की पहिला फेरा पाच मिनिटांचा, दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत. दर आठवड्याला त्यात पाच मिनिटांची भर घालायची आणि परत आल्यावर दिवाण चढण्यासाठी तोच फळा.