हिमनदीच्या वाटेवरचा हिशेब

लोणारच्या जिल्हा परिषद शाळेत एका शिक्षिकेने तीस वर्षांहून अधिक काळ भूगोल शिकवला. उल्कापाताचा धडा आला की त्यांना फळ्याची गरज भासत नसे. मुलांची रांग करून सरोवराच्या काठावर न्यावे आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो खळगा दाखवावा, एवढे पुरे होते. हिमनदीचा धडा मात्र खडूवर निभवावा लागे. नदी खोदते ती दरी इंग्रजी ‘व्ही’सारखी आणि हिमनदी कोरते ती ‘यू’सारखी, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा काढले असेल याची गणती नाही. जी गोष्ट आयुष्यभर शिकवली ती आपण कधी पाहिली नाही, हे शल्य त्या हसत हसत बोलून दाखवीत. आता त्यांचे वय ऐंशी आहे.

त्यांची नात विवाहानंतर अमेरिकेत सिअ‍ॅटलला स्थायिक झाली. गेल्या दिवाळीत तिने घरी फोन करून सांगितले की अलास्काच्या हिमनद्या पाहायला जाणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझ तिच्याच शहरातून सुटतात, आजी, आई-बाबा आणि धाकटा भाऊ अशा चौघांनी यावे, ती आणि जावई मिळून सहा जणांचे आरक्षण ती त्याच रात्री करून टाकते. दर उतरलेले होते. अट एकच होती की अनामत परत मिळणार नव्हती.

तिचे वडील खते-बियाण्यांचे दुकान चालवतात. उधारीवर दिलेला माल आणि न झालेला पाऊस यांतून त्यांनी जो धडा घेतला आहे तो असा की ज्या गोष्टीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती आहे तिच्यावर आपले पैसे आधी लावू नयेत. त्यांनी विचारले, “आजीचा व्हिसा झाला का?” नात म्हणाली, “आजी ऐंशीची आहे बाबा, तिला मुलाखतच नसते.” पूर्वी तसेच होते. एकोणऐंशी वर्षांवरील अर्जदारांना मुलाखतीतून सूट मिळत असे. सप्टेंबर २०२५ पासून ती सूट काढली गेली आणि वृद्धांनाही सर्वसाधारणपणे स्वतः हजर राहणे भाग पडले. नातीने वाचलेली माहिती खरी होती, फक्त जुनी होती. सहलीच्या नियोजनात सर्वांत महाग पडते ती अशीच, काल खरी असलेली माहिती.

त्या रात्री आरक्षण झाले नाही. नात थोडी दुखावली. पैसे तिचे, उत्साह तिचा, आणि बाबा लोणारात बसून अटी वाचतात! पण वडिलांचा मुद्दा पैशांपलीकडचा होता. ही सहल आजीसाठी होती. तिचा व्हिसा नाकारला गेला आणि अनामत अडकलेली असली, तर बाकीचे पाच जण ‘पैसे वाया जाऊ नयेत’ म्हणून तिच्याविना जातील आणि तीच त्यांना जा म्हणेल. तो प्रसंग त्यांना घरावर येऊ द्यायचा नव्हता.

व्हिसा एक नव्हे, दोन लागतात, हे पुष्कळांना जहाजाच्या धक्क्यावर जाईपर्यंत ठाऊक नसते. कारण १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला केवळ अमेरिकन बंदरांमध्येच प्रवाशांची ने-आण करता येत नाही, मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावे लागते. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक परदेशी नोंदणीची असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून निघालेले जहाज परतताना एका सायंकाळी कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबते. त्या काही तासांसाठी भारतीय पारपत्रधारकाला कॅनडाचाही व्हिसा घ्यावा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा असावा लागतो, कारण कॅनडाहून पुन्हा अमेरिकेत उतरायचे असते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे. कॅनडाचे १०० कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे वेगळे. यांतले काहीही नकार आल्यास परत मिळत नाही. चौघांची बेरीज केली तर हा खर्चही लहान नाही, पण तो क्रूझच्या आधी करायचा खर्च आहे आणि बुडालाच तर एवढाच बुडतो.

मुंबईच्या मुलाखतीची तारीख फेब्रुवारीच्या अखेरीची मिळाली. आता जहाज कोणत्या महिन्याचे घ्यावे? अलास्काचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. मे-जून घेतला तर जहाजाची पूर्ण रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्येच भरावी लागणार, कारण ती सहसा तीन महिने आधी द्यायची असते, आणि तोवर कॅनडाचा निर्णय हाती नसणार. ऑगस्ट घेतला तर चातुर्मास, आणि त्या काळात आजी गाव सोडत नाहीत. अशा वेळी पंचांग मदतीला आले. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे आषाढ पौर्णिमा जुलैच्या अगदी अखेरीस जाते. एरवी जो काळ चातुर्मासाच्या उंबरठ्यावरचा असतो तो जुलैचा पहिला पंधरवडा यंदा मोकळा सापडला. पहिल्या आठवड्यात निघायचे, विसाव्या तारखेच्या आत लोणारला परत यायचे. पूर्ण रकमेची मुदत एप्रिलच्या आरंभी येते. तोपर्यंत दोन्ही देशांची उत्तरे आलेली असतील, नसतील तर खोली सोडून द्यायची. नातीने अखेर थोडा चढा दर स्वीकारून परत मिळणाऱ्या अनामतीचे आरक्षण केले. त्या दोन दरांतील फरक म्हणजे एका अर्थी विम्याचा हप्ताच होय, आणि तो भरण्याजोगा होता.

मध्यंतरी दुसरा मार्गही तपासून झाला. मुंबईच्या मराठी पर्यटन संस्थांनी परदेश प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला, हे मान्य करावेच लागेल. सोबत मराठी बोलणारा व्यवस्थापक, व्हिसाच्या कागदांना मदत, जैन जेवणाची आधीच केलेली व्यवस्था, वृद्धांना याचे मोल मोठे आहे. मात्र भारतात परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की जीएसटीखेरीज ‘टीसीएस’ म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर द्यावा लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के असा हा दर होता. चौघांचे पॅकेज सोळा लाखांचे धरले आणि सारी रक्कम एकट्या वडिलांच्या पॅनवर भरली, तर पहिल्या दहा लाखांवर पन्नास हजार आणि उरलेल्या सहा लाखांवर एक लाख वीस हजार, मिळून एक लाख सत्तर हजार रुपये अडकत. तेच चौघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर चार-चार लाख भरले तर हा आकडा ऐंशी हजारांवर येई. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. तो २६एएस विवरणात दिसतो आणि आयकराच्या विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो. अडचण एवढीच की निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या ज्या वृद्धांना एरवी विवरणपत्र भरावे लागत नाही, त्यांना हा परतावा मिळवण्यासाठी ते भरावे लागते. पुष्कळ जण भरत नाहीत आणि रक्कम सरकारजमा राहते. दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारावा. नुसते विमानाचे तिकीट घेतले तर ते पॅकेज ठरत नाही. या कुटुंबाने तेच केले. तिकिटे येथून, जहाज नातीकडून.

आजींनी मात्र आपल्या वाट्याचे भाडे स्वतःच्या मुदत ठेवीतून देण्याचा हट्ट धरला. नातीने नको म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, “फुकटात गेले तर मला काही मागता येणार नाही. मला खिडकीजवळ बसायचंय.” त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

खिडकीचा प्रश्नही विचार करण्याजोगा आहे. बाल्कनीच्या खोलीचे भाडे आतल्या खोलीपेक्षा बरेच अधिक असते, आणि हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवले जात असल्याने उघड्या डेकवरून ती सर्वांना सारखीच दिसते. तरुणांनी आतली खोली घेऊन पैसे वाचवावेत. ज्यांना गुडघ्यांमुळे थंडीत तासभर उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी बाल्कनीतील खुर्ची आणि पांघरूण हे खरे सुख. चाकाची खुर्ची आत जाईल अशा रुंद दाराच्या खोल्या जहाजावर मोजक्या असतात, त्या आरक्षणाच्या वेळीच मागाव्या लागतात. कर्मचाऱ्यांसाठी माणशी दररोज आकारली जाणारी बक्षिसी जाहिरातीतल्या दरात बहुधा नसते, ती मिळवूनच तुलना करावी. प्रवासविमा घेताना आजींचा रक्तदाब लपवू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. लपवलेल्या आजारावरचा दावा नाकारला जातो, आणि जहाजावरच्या डॉक्टरचे बिल डॉलरमध्ये येते.

जेवणाचे लेखी कळवावे. ‘शाकाहारी’ हा शब्द तेथे अपुरा पडतो. अंडी नकोत, कांदा-लसूण नको, बटाटा-गाजर-मुळा नको, असे एकेक नाव घालून जहाज कंपनीला दोन-तीन महिने आधी कळवलेले बरे. खोलीत विजेची किटली वापरून काही शिजवून घेऊ, हा बेत सोडावा. आगीच्या धोक्यामुळे अशी उपकरणे जहाजांवर बहुधा चालत नाहीत. खाकरे आणि कोरडा फराळ बंद पाकिटात न्यावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमाचा प्रश्न नातवाने काढला. जुलैच्या आरंभी जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आजी साडेनऊपर्यंत जेवू शकते! आजींनी शांतपणे सांगितले की सूर्य तिथला असला तरी पोट लोणारचे आहे, आपण सहाला जेवू.

कोणते जहाज घ्यावे, हे ज्या प्रश्नावर ठरले तो आजींनीच विचारला: हिमनदीपुढे जहाज किती वेळ थांबते? सर्वच अलास्का क्रूझ ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जात नाहीत. तेथे दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांनाच प्रवेश आहे. जी जातात ती जवळजवळ पूर्ण दिवस आत असतात, बंदराला लागत नाहीत, आणि उद्यानाचे वनरक्षक जहाजावर येऊन माहिती सांगतात. इतर जहाजे हबर्ड हिमनदीकडे किंवा अरुंद खाड्यांकडे जातात. त्यांतील ट्रेसी आर्म या खाडीत १० ऑगस्ट २०२५ रोजी डोंगरकडा कोसळून प्रचंड लाट उसळली. हवामान, बर्फ किंवा सुरक्षितता यांसाठी मार्ग बदलण्याचा अधिकार जहाज कंपनी स्वतःकडे राखून ठेवते आणि त्याची भरपाई क्वचितच मिळते. म्हणून जुनोजवळची मेंडेनहॉल हिमनदी त्यांनी दुसरा आधार म्हणून धरली आहे. तेथे गावातून मोटारीने जाता येते आणि समोर बसून ती पाहता येते.

ग्लेशियर बेचा इतिहास आजींनी नातवाकडून वाचून घेतला. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतील लोकांना तेथे उपसागर असा जवळजवळ दिसलाच नव्हता, मुखाशीच बर्फाची भिंत होती. आज तेच बर्फ आत शंभर किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. हिमनदीचे गणित बँकेच्या खात्यासारखे चालते. माथ्यावर पडणारा हिमवर्षाव ही जमा, पायथ्याशी वितळणे आणि कडे तुटून समुद्रात कोसळणे ही नावे. जमा कमी पडली की शिल्लक घटते आणि हिमनदीचे टोक मागे सरकते. हिमनदी आटत असतानाही बर्फ पुढे वाहतच असते, मागे जाते ते फक्त तिचे टोक. हा भेद मुलांना समजावताना नेहमी कठीण जाई, असे आजी म्हणाल्या, आणि नातवाकडून कागद घेऊन त्यांनी चित्र काढून दाखवले.

मुलाखतीसाठी चौघांची जालन्याहून देवगिरी एक्सप्रेसची तिकिटे काढली आहेत. बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी, म्हणून मुंबईत दोन रात्रींचा मुक्काम नातेवाइकांकडे ठरला आहे. फाईलमध्ये सर्वांत वर आजींचे निवृत्तिवेतनाचे पुस्तक ठेवले आहे. जाण्याचे कारण विचारले तर काय सांगायचे, याची घरच्यांनी त्यांच्याकडून दोनदा उजळणी करून घेतली. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या की इतकी वर्षे परीक्षा आपण घेत होतो, हे त्यांनी विसरू नये, आणि गाडीत खालचा बर्थ मिळाला आहे ना, एवढे पाहावे.