फूल नसतानाची ओळख

कास पठार पाहून आलेल्या मित्राला कोणती फुले पाहिलीस म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "पिवळी, पांढरी, जांभळी." रंग सांगितला की ओळख झाली, अशी आपली समजूत आहे. मला ती धोक्याची वाटते. एकट्या जांभळ्यातच तिथे जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडणारी सीतेची आसवे आहेत, पाणथळ खळग्यांतली जांभळी मंजिरी आहे आणि टोपली कारवी आहे. तिघींची कुळे वेगवेगळी आहेत.

यांतली टोपली कारवी घेऊ. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई शाळेत गेली नाही, पण कारवी कशी असते हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. तिच्या माहेरच्या घराचे कूड कारवीचे, वरून शेणमातीचे लिंपण. ही कुडाची कारवी डोंगरउतारावर माणसापेक्षा उंच वाढते. तिच्या पानांना देठ असतो. टोपली कारवी मात्र उघड्या सड्यावर, गुडघ्याएवढी, टोपली पालथी घातल्यासारखी गोल. तिची पाने देठावाचून थेट फांदीला चिकटलेली. हा सगळा फरक गावच्या माणसांनी 'टोपली' या एका शब्दात सांगून टाकला.

शास्त्रज्ञांना तो सांगायला पुष्कळ वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात क्लार्कने हिची नोंद 'स्ट्रोबिलँथस सेसिलिस' या जातीचा एक उपप्रकार म्हणून केली. सेसिलिस म्हणजे बिनदेठी. १९४४ साली ब्रेमेकाम्प या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने कारवीचा मोठा गोतावळा फोडून अनेक प्रजाती केल्या आणि हिला स्वतंत्र जातीचा मान दिला. त्याच वेळी कुडाच्या कारवीच्या प्रजातीला त्याने नाव दिले 'कार्विया'. माझ्या आईच्या तोंडचा शब्द असा लॅटिनमध्ये जाऊन बसला! पुढच्या अभ्यासकांनी हे तुकडे बहुतेक पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये मिळवले.

मग जात की उपप्रकार, हा वाद पंडितांचा रिकामा उद्योग आहे काय? मला तसे वाटत नाही. "कारवीच ना? ती काय, सगळ्या डोंगरावर आहे," असे एकदा म्हटले की सड्यावरची टोपली कारवी गेली तरी कोणाला चुकचुकणार नाही. जे वेगळे मोजले जात नाही, ते गेल्याचे कळतही नाही.

त्यातून या झुडपाची रीत अशी, की कित्येक वर्षे ते नुसते हिरवे राहते आणि मग एखाद्या पावसाळ्यात सारा सडा एकदम जांभळा करून टाकते. त्या वर्षी गर्दी लोटते, फोटो निघतात. पण सड्यावर जेसीबी चालायचा, तर तो फुलांच्या वर्षाची वाट थोडीच पाहणार आहे! मधल्या वर्षांत तिथे दिसतो तो खडक, गवत आणि हिरवी झुडपे. कागदोपत्री त्याला पडीक म्हणायला कितीसा वेळ लागतो? २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास आले. आसपासच्या प्रत्येक लहान सड्याच्या नशिबी हे भाग्य नाही. तिथे फूल नसताना पान पाहून "ही टोपली कारवी" असे सांगणारा माणूसच उपयोगी पडेल.

मित्रहो, हे काम केवळ विज्ञान शाखेचे नाही. नावे ही भाषेची ठेव आहे आणि भाषा हा आपला विषय आहे. आपल्या मराठी विभागाने एक वही घालावी. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांकडून दहा झाडांची नावे, ती कुठे उगवतात, कशावरून ओळखायची आणि कशाला वापरतात हे लिहून आणावे. शास्त्रीय नाव प्राध्यापक मंडळी शेजारी लिहितील. माझ्या पानावरची पहिली दहा नावे आईची असतील. तिला सही येत नाही, म्हणून तिचे नाव मीच लिहीन.