मथळ्यात जीवसृष्टी, नमुन्यात नाही

संपादक महोदय,

बेन्नू लघुग्रहाच्या नमुन्यांची बातमी परवाच्या अंकात पहिल्या पानावर पाहून आनंद झाला. ‘परग्रहावर जीवसृष्टीचे पुरावे’ हा मथळा वाचून तो लगेच मावळला. बेन्नू हा ग्रह नाही, आणि तिथे जीवसृष्टी असल्याचा दावा संशोधकांनी केलेला नाही. सापडले आहेत ते सेंद्रिय रेणू : सजीवांची प्रथिने ज्या 20 अमिनो आम्लांपासून बनतात त्यांपैकी 14, आणि डीएनए-आरएनएमधले पाचही नत्रयुक्त रेणू.

बातमीने 14 हा आकडा ठळक छापला आणि त्याच संशोधनातली कळीची गोष्ट गाळली. ग्लायसिन सोडले तर या अमिनो आम्लांना डावे आणि उजवे अशी दोन रूपे असतात. पृथ्वीवरचे सजीव आपली प्रथिने डाव्या रूपापासून बनवतात. बेन्नूच्या मातीत मात्र दोन्ही रूपे जवळपास निम्मी-निम्मी आहेत. निम्मी-निम्मी! प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून अमिनो आम्ल तयार केले, तरी हेच प्रमाण येते. ही एक ओळ छापली असती तर तो मथळा देताच आला नसता. शिवाय 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत काही अमिनो आम्लांचे डावे रूप थोडे जास्त आढळले होते. सजीवांचा डावा कल अवकाशातूनच आला असावा, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले होते. बेन्नूच्या निम्म्या-निम्म्या प्रमाणाने तीच कल्पना डळमळली. बातमी ही होती!

अवकाशात सेंद्रिय रेणू मिळणे आता नवे नाही. तारे जन्मतात त्या वायुमेघांत फॉर्मल्डिहाइड आहे, अल्कोहोल आहे. 67पी धूमकेतूवर ग्लायसिन मिळाले. शनीच्या टायटन या चंद्रावर तर मिथेन-इथेनची सरोवरेच आहेत. साहित्य एवढे सगळीकडे, मग जीव आजवर फक्त इथेच का आढळला? हा प्रश्न शाळकरी मुलांना पडायला हवा. तुमच्या मथळ्याने तो पडण्याआधीच संपवला.

वायुमेघांतले हे रेणू प्रथम रेडिओ दुर्बिणींनी ओळखले. आमच्या तालुक्यात खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. वर्तमानपत्रांत तिचे नाव येते ते पुणे-नाशिक रेल्वेचा अडसर म्हणून. रेल्वे आम्हालाही हवी आहे. पण विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या रेडिओ गोंगाटात आकाशातून येणारे क्षीण संकेत बुडतात, हे त्या बातम्यांत मला कुठे वाचायला मिळाले नाही. पुढाऱ्यांची विधाने मात्र रकानाभर असतात. ज्यांच्या शेतांशेजारी या अँटेना उभ्या आहेत, त्यांना तरी त्या काय ऐकतात हे कळायला नको का?

बेन्नूच्या मथळ्याची दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर चार ओळींत नको. पहिल्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

– रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, जुन्नर