लेणी वाचता आली पाहिजेत

महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरलेली बहुसंख्य लेणी बौद्धांची आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तो अभिमान ज्या पुराव्यावर उभा आहे, तो पुरावा आपल्यापैकी किती जणांनी स्वतः वाचला आहे? दगड झिजल्याने समाजाची स्मृती जेवढी नष्ट होते, त्याहून अधिक ती दगडावरचे अक्षर वाचणारा माणूस न उरल्याने नष्ट होते, असे आमचे मत आहे.

नाशिकचेच उदाहरण घ्या. तेथील शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे कोरलेले आहे. लेख वाचणारे संपले आणि भिक्खूंच्या त्याच निवासांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणू लागले. भिंती जागेवर राहिल्या; त्यांची ओळख मात्र बदलली. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा, जिला आज आपण धम्मलिपी म्हणतो तिचा, उलगडा केला, तेव्हा कुठे त्या भिंती पुन्हा बोलू लागल्या.

आणि त्या काय बोलतात? पाठ्यपुस्तकांनी आपल्याला सातवाहन आणि क्षत्रप राजे शिकवले. त्यांची दाने तेथे आहेतच. पण नाशिकच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक नावाच्या एका अख्ख्या गावाचे दान नोंदलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यावर धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे. जुन्नरच्या लेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. ज्यांच्या हातांना पुढील काळात केवळ राबणारे हात मानले गेले, ते हात येथे दाते म्हणून, स्वतःच्या नावानिशी उभे आहेत. आमच्या मते हाच या वारशाचा सर्वांत मोलाचा भाग होय.

नावात स्मृती असते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांनी सिद्धार्थाचे नाव दिले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे, तर त्याच्या परिसराला नागसेनाचे. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू यांची नावे विद्येच्या आवारात शेजारी ठेवण्यामागे निश्चित दृष्टी होती. वारसा पूजेसाठी नव्हे, विचारण्यासाठी असतो.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. आज मोबाइलवर प्रत्येक जुन्या दगडाविषयी दावे फिरतात. त्यांतील काही आपल्या बाजूचे असतात, म्हणून ते खरे ठरत नाहीत. पुराव्यावाचून केलेला एक दावा आपल्या दहा खऱ्या दाव्यांना दुबळे करतो. बुद्धाच्या अनुयायांनी तरी ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

पालक विचारतील, धम्मलिपी शिकून नोकरी मिळेल काय? बहुधा मिळणार नाही. गणित आणि इंग्रजीचा तास कमी करा, असेही आम्ही म्हणत नाही. मात्र ज्या लिपीची मूळ वर्णमाला थोड्या दिवसांच्या सरावाने ओळखता येते, ती आपल्या निवासी शाळेतील मुलांना न शिकवण्याचे कोणते कारण आपण देणार आहोत? सहलीला गेलेल्या मुलाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव बोट ठेवून वाचता आले, तर शेजारी खडूने स्वतःचे नाव लिहिण्याची इच्छा त्याला होणार नाही. राखणदार नेमून जे साधत नाही, ते साक्षरतेने साधते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज देणगी देण्यास समर्थ आहेत. इमारतीसाठी ती अवश्य द्यावी. त्याबरोबरच वर्षातून एक दिवस मुलांसोबत लेण्यांत यावे आणि एक तरी ओळ त्यांच्याबरोबर वाचावी. सामी सुताराने आपले नाव कोरून घेतले, ते पुढे कोणीतरी वाचील या भरवशावर. तो भरवसा पाळणे आता आपल्याकडे आहे.