अंदाजाने गिअरबॉक्स खोलू नका, आधी दाब मोजा

नांदेड आणि लातूरच्या मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे उस्ताद या दोन्ही शहरांत होऊन गेले आणि आजही आहेत. मात्र ऑटोमॅटिक गिअरची गाडी दारात आली की यातील पुष्कळ गॅरेजवाले ती हैदराबादला किंवा पुण्याला घेऊन जाण्याचा सल्ला देतात. काही जण धाडस करून थेट गिअरबॉक्स उतरवतात. पहिल्या प्रकारात रोजी जाते, दुसऱ्या प्रकारात अब्रू जाते. हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

साध्या गिअरबॉक्समध्ये दाते दात्यांत बसतात, म्हणून बिघाड झाला की आवाज येतो. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी आहे. तेथे पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने आतील क्लच प्लेटा आवळल्या जातात. दाब कमी पडला की प्लेटा घसरतात, तापतात आणि जळतात. दाब कमी होत असताना तो कानाला कळत नाही. तो फक्त काट्यावर दिसतो. (२०१४ साली मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे रूढ झालेली ए.एम.टी. ही यात धरू नये. ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असून क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते.)

अनेक तरुण मिस्त्री म्हणतात, "आमच्याकडे स्कॅनर आहे, काटा कशाला?" स्कॅनर जरूर हवा. परंतु बऱ्याच गाड्यांत मुख्य दाब मोजणारा सेन्सर नसतो. अशा वेळी संगणकाने किती दाब मागितला एवढेच स्कॅनरवर दिसते. तो दाब प्रत्यक्षात मिळाला की नाही, हे काटाच सांगतो. बहुतेक गिअरबॉक्सवर त्यासाठी कंपनीनेच एक बूच दिलेले असते. ते काढून तेथे काटा जोडावा, तेल गरम होऊ द्यावे आणि प्रत्येक गिअरमधील आकडा कागदावर लिहावा. सर्वच गिअरमध्ये दाब कमी असेल तर तेलाची पातळी, फिल्टर, पंप किंवा दाब राखणारा व्हॉल्व्ह पाहावा. एकाच गिअरमध्ये कमी असेल तर त्या गिअरच्या क्लचचे सील गेले असण्याची शक्यता अधिक. दाब बरोबर असूनही गाडी घसरत असेल तर प्लेटा झिजल्या असाव्यात. ब्रेक दाबून जोर देण्याची चाचणी करायची तर चाकांना उटी लावावी, गाडीपुढे कोणी उभे राहू नये आणि पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ ॲक्सिलरेटर दाबू नये.

आता जोरदार गाड्यांच्या शौकिनांविषयी. नांदेड-लातूर रस्ता चांगला झाल्यापासून इंजिनाची ताकद वाढवून घेणारे तरुण गिऱ्हाईक येऊ लागले आहेत. इंजिनाची ताकद वाढली की गिअरबॉक्सवर ताण येतो, म्हणून डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या दाबाचा काटा कायमचा बसवून मागणे रास्तच आहे. परंतु तो बसवणे म्हणजे टेप बसवणे नव्हे.

पहिली गोष्ट, इंजिन ऑइलचा शंभर पी.एस.आय.चा काटा येथे चालत नाही. रिव्हर्समध्ये व जोर दिल्यावर दाब कित्येक गाड्यांत दोनशेच्या वर जातो. तीनशेचा काटा घ्यावा. दुसरी, आटे तपासावेत. अमेरिकन पद्धतीच्या एक अष्टमांश आट्यात इंचाला २७ फेरे असतात, ब्रिटिश पद्धतीच्या आट्यात २८. हाताने दोन फेरे बसतात म्हणून पान्याने आवळले की ॲल्युमिनियमची बॉडी गेलीच. तिसरी, टेफ्लॉन टेपचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतो. शिवाय एकाच तारेच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळते, ते टेपमुळे तुटू शकते. चौथी, सेन्सर लांब टीला लोंबकळत ठेवू नये. आखूड होज घेऊन ब्रॅकेटवर बांधावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, गरम तेलाची नळी गाडीच्या आत कधीही आणू नये. नळी फुटली तर उकळते तेल चालवणाऱ्याच्या पायावर पडते. आत फक्त तार यावी आणि तिला फ्यूज असावा. काटा एअरबॅगच्या वाटेत बसवू नये. नवीन गाडी असेल तर वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

काही कारागीर म्हणतील, "गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही." दाब न मोजता खोललेल्या गिअरबॉक्सचे पैसे मात्र ते देते आणि दोष तोच राहिला तर सगळ्या गावाला सांगते. तपासणीचा दर फळ्यावर लिहावा, मोजलेले आकडे बिलावर लिहावेत. गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही अमानत आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद दिलेली आहे. ही ताकीद फक्त धान्य तोलणाऱ्यांसाठी आहे असे समजू नये. जो न मोजता "गिअरबॉक्स गेला" म्हणतो, त्यानेही माप मारलेलेच असते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत लोहार व कुलूप बनवणारे आहेत, मोटार मिस्त्री नाही. त्याची मागणी आपल्या संघटनांनी जरूर करावी. परंतु काट्याचा संच घेण्यासाठी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याची किंमत चांगल्या स्कॅनरच्या मानाने फारच थोडी आहे आणि एकट्याला जड वाटले तर चार गॅरेजवाले मिळून घेऊ शकतात. उस्तादांनी आपला कान शागिर्दांना दिला, ही मोठी देणगी आहे. आता शागिर्दांनी त्या कानाला काट्याची जोड द्यावी. मग हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याच दारात थांबतील, इन्शाअल्लाह.