प्रज्ञा ओळखावी कशी, जपावी कशी?



मुलाची उंची किती वाढली, वजन किती भरले, याची नोंद आपण आवर्जून ठेवतो. बुद्धीची वाढ मात्र बहुतेक घरांत केवळ गुणपत्रिकेवरून जोखली जाते. परीक्षेत पहिले येणारे मूल प्रज्ञावंत असू शकते. परंतु प्रत्येक प्रज्ञावंत मूल पहिले येतेच असे नाही. एखादे मूल सोपा गृहपाठ अर्धवट टाकते, शिक्षकांना अडचणीचे प्रश्न विचारते, समवयस्कांपेक्षा मोठ्यांत अधिक रमते आणि कंटाळले की खोड्या काढते. वर्गात ते ‘व्रात्य’ ठरते आणि हळूहळू स्वतःलाही तसेच समजू लागते. अशी मुले आपल्या सरकारी शाळा कशा शोधतात, हे म्हणूनच प्रत्येक घराने जाणून घ्यावे.

नाशिक जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेतील मुलापुढे प्रामुख्याने तीन वाटा असतात. पहिली, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा. ती पूर्वी चौथी व सातवीत होत असे, २०१७ मध्ये पाचवी व आठवीकडे गेली. इयत्तेचे हे धोरण बदलत असल्याने चालू वर्षाची अधिसूचना शाळेत विचारून घ्यावी. दुसरी वाट जवाहर नवोदय विद्यालयाची. जिल्ह्याचे हे निवासी विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगाव येथे आहे. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा शंभर गुणांची असून त्यांतील पन्नास गुण मानसिक क्षमतेला आहेत. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. मात्र ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. तिसरी वाट राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची परीक्षा आठवीत होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या निवडक मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शासकीय निवासी शाळांतील मुलांना मात्र ती लागू नाही.

या वाटा मोलाच्या आहेत. परंतु तिन्हींच्या तोंडाशी एक अर्ज आहे. शिक्षकांनी सुचवले आणि पालकांनी मनावर घेतले, तरच मूल परीक्षेच्या बाकावर पोहोचते. सुरगाणा वा पेठच्या पाड्यावर कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील प्रश्न उलगडण्यातच वेळ खर्चावा लागतो. त्याची बुद्धी उणी नसते, प्रश्नाची भाषा त्याच्या घरची नसते. शिवाय कागदावर न मावणारे गुण या परीक्षांच्या कक्षेत येतच नाहीत. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तेथे प्रथम नौकानयनाकडे वळला. चारच वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकमध्ये वल्ही मारत होता. ज्या टापूत पिण्याच्या पाण्याचीच वानवा, तेथील शाळेने हा गुण कोठून हेरावा?

चाचण्यांची ही मर्यादा जगभरची आहे. अमेरिकेत १९२१ साली लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील कुशाग्र मुलांची निवड केली. त्या चाचणीत न बसलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निवडलेल्या सुमारे दीड हजारांपैकी एकालाही ते मिळाले नाही. त्याच देशात फ्लोरिडातील ब्रॉवर्ड जिल्ह्याने २००५ पासून दुसरीतील सर्वच मुलांची चाचणी घेण्यास आरंभ केला. तोवर शिक्षक वा पालक ज्यांची नावे सुचवत, त्यांचीच तपासणी होई. सर्वांना संधी मिळताच गरीब आणि कृष्णवर्णीय घरांतील प्रज्ञावंत मुलांची संख्या लक्षणीय वाढली. ती मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती.

शोधानंतर जोपासना हवी. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रज्ञावंतांसाठी प्रशाला काढली आणि बुद्धीचे विविध पैलू तपासणाऱ्या चाचण्यांना प्रकल्प व अभ्याससहलींची जोड दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विशेष गुणांच्या मुलांसाठी शाळा व जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे सुचवली आहेत. आपल्या शाळेत असे मंडळ आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

आता आरोग्याविषयी. प्रज्ञेच्या शोधाआधी डोळे व कान तपासावेत. फळा धूसर दिसणारे मूल मंद वाटते, कमी ऐकू येणारे बेफिकीर वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा मोफत तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तासांची झोप लागते. शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी त्यातून कपात करणे म्हणजे बियाणेच दळून खाणे होय.

कौतुकाचेही पथ्य असते. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘तू हुशार आहेस’ असे ऐकलेली पाचवीची मुले पुढे सोपी कामे निवडू लागली आणि अपयश येताच खचली. प्रयत्नांचे कौतुक झालेली मुले अवघड कामाला भिडली. तेव्हा ‘किती गुण पडले?’ याआधी ‘आज कोणता प्रश्न सुटला नाही?’ असे विचारून पाहावे. परीक्षेच्या नावाने पोट दुखणे, झोप उडणे, लहानशा चुकीवरून रडू कोसळणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर बालरोगतज्ज्ञांचा वा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

आणि यादीत नाव नसलेल्या मुलाचे काय? निकालाच्या दिवशी त्याचे ताट नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच मायेने वाढले जावे. भावंडांशी तुलना त्या दिवशी तर नकोच. मग आठवड्याभरात एक वही घ्यावी आणि मूल कशात भूक विसरते, काय मोडून पुन्हा जोडते, कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, याची नोंद महिनाभर ठेवावी. ती वही वर्गशिक्षकांना दाखवावी. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्यांना जे दिसणे कठीण असते, ते घरच्या माणसांना स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरूनही दिसू शकते.